नावाची अडचण

उत्तरादित, थायलंड
रविवार, १९ मे २०१३

प्रिय मनांग,

तुझं पत्र मंगळवारी पोचलं. तुझी पाठ आता दुखत नाही, यंदा आंबा चांगला धरलाय आणि आईच्या थडग्यावर दगड बसवून झाला, हे वाचून बरं वाटलं. मी इथे ठीक आहे. फोनवर बोलायचं तर तुला टेकडीवर जाऊन उभं राहावं लागतं आणि अर्धं गाव कान देऊन ऐकतं, त्यापेक्षा पत्रच बरं.

उकाड्याचं काय सांगू! पारा बेचाळीसवर जाऊन बसलाय आणि खाली उतरायचं नाव घेत नाही. सकाळी सातला नळ सोडला तर येणाऱ्या पाण्यात चहा होईल. गल्लीतली कुत्री दिवसभर सोमचित मावशींच्या गाडीखाली पडून असतात. मावशी, म्हणजे माझ्या घरमालकीणबाई, ओल्या टॉवेलाची चुंबळ डोक्यावर ठेवून ओट्यावर बसतात आणि येणाऱ्या-जाणाऱ्याची चौकशी करतात. तुझं पत्र त्यांनीच हातात दिलं. "गावाकडून आलंय. या वेळी जाड आहे," म्हणाल्या. पाकीट जाड आहे की पातळ, हे त्यांना कशाला बघायला हवं? चिकटवलेली बाजू मी उजेडात धरून पाहिली. डिंक दोनदा लावल्यासारखा वाटला. असो.

शाळा गुरुवारी उघडली. तिसरीच्या वर्गात चव्वेचाळीस मुलं, वर पत्रा, आणि तीन पंख्यांपैकी एकच फिरतो. नोव्हेंबरपासून माझ्याबरोबर घरात चारितो नावाची मुलगी राहते, तीही याच शाळेत शिकवते. सत्तावीस वर्षांची, आपल्याच देशाची, आपल्याच बोलीची, कापीझ प्रांताची. मी तुला म्हणते तसं तीही मला ताई म्हणून 'मनांग' म्हणते. पहिल्या दिवशी दारात उभी राहून म्हणाली, "मनांग, सुक्या मासळीचा वास येतोय, म्हणजे घर बरोबर सापडलं!" आंघोळीला गेली की गाते. मला आवडते ती. पण सगळ्या वस्तूंना हात लावते आणि सगळं विचारते.

आता तुझ्या पत्रातल्या शेवटच्या चार ओळी. सत्तेचाळिसाव्या वर्षी तुला पासपोर्ट कशाला हवाय? कुठे निघालीस? कचेरीतल्या बाईने "नावाची काहीतरी अडचण आहे, महिन्याने या" म्हणून परत पाठवलं, असं लिहिलंस. मनांग, त्या कचेऱ्यांचं असंच असतं. उन्हात पुन्हा होडी पकडून, रांगेत उभी राहून पाठ मोडून घेऊ नकोस. राहू दे.

अजून एक, फार मोठी गोष्ट नाही. शुक्रवारी शाळा सुटल्यावर विलायवान बाईंनी आम्हा पाचही परदेशी शिक्षकांना थांबवून घेतलं. आमचं वेळापत्रक, रजा, कागदपत्रं सगळं त्या बघतात. म्हणाल्या, "मुख्याध्यापकांकडे एक निनावी पत्र आलंय. तुमच्यापैकी एकाबद्दल. ते फार नाराज आहेत. मी याहून जास्त सांगू शकत नाही." मग हातपंख्याने वारा घेत म्हणाल्या, "आणि सगळ्यांनी आपापले मूळ कागद शुक्रवारपर्यंत आणून द्या. पदवी, पासपोर्ट, सगळं."

डेस्मंड म्हणून न्यूझीलंडचा एक म्हातारा शिक्षक आहे. तो म्हणाला, "माझी पदवी वाळवीने कधीच खाल्ली." सगळे हसले. मीही हसले. हसताना विलायवान बाई माझ्याकडेच बघत होत्या असं मला वाटलं.

असं पत्र कोण लिहीत असेल? तुला काय वाटतं?

तुझी धाकटी बहीण,
इंदाय


उत्तरादित
रविवार, २ जून २०१३

प्रिय मनांग,

तुझं दुसरं पत्र गुरुवारी मिळालं. आपली पत्रं वाटेत एकमेकांना ओलांडून गेली असणार. पलाऊ बेटावरच्या चर्चच्या शाळेत तुला नोकरी मिळाली, ऑगस्टमध्ये रुजू व्हायचंय, हे मी तीन वेळा वाचलं. अभिनंदन. तू पुन्हा फळ्यापुढे उभी राहणार! आईच्या आजारपणात नऊ वर्षं गेली तुझी. आता तुझी पाळी आहे, हे तू लिहिलंस ते खरंच आहे.

पण पुढचं वाचून मला नीट झोप नाही. कचेरीतली बाई तुला म्हणाली की तुझ्या नावाचा पासपोर्ट आधीच निघालाय, चार वर्षांपूर्वी बँकॉकला नवा करून घेतलाय. अगं, एका नावाची किती माणसं असतात! बँकॉकमध्ये आपल्या देशाच्या हजारो बायका आहेत. त्यांत एखादी एमिलियाना गोलेझ असेलही. जन्मतारीखही जुळते म्हणतेस, तर कारकुनाने चुकीचा आकडा टाकला असेल. आणि तू मला काहीच विचारलं नाहीस. एवढं सगळं लिहून खाली फक्त "तब्येत सांभाळ". मला तेच खटकतंय. तू तर भात मऊ शिजला तरी चार प्रश्न विचारणारी बाई.

खरं सांग, तू इथे कोणाला पत्र लिहिलंस का? शाळेला? राग धरणार नाही. फक्त सांग.

इथे माझा कोणावर विश्वास उरलेला नाही. सोमचित मावशी परवा ओट्यावर एका पोलिसाशी बोलत होत्या. मला बघून दोघं गप्प झाली. मग मावशी म्हणाल्या, "माझा भाचा आहे, पपई न्यायला आलाय." हातात पपई होती खरी. पण पपई न्यायला गणवेश घालून कोण येतं? डेस्मंड आता मला बघून नुसती मान हलवतो, पूर्वी दहा मिनिटं डोकं खायचा. शिपाई माझ्या टेबलाचा खण पुसतो, तो बाहेरूनच पुसायला हवा ना? मावशींनी काल मला फाटकातून हाक मारली

(इथे दोन ओळी खोडल्यात. वाचायचा प्रयत्न करू नकोस.)

मूळ कागद मी दिले नाहीत. पासपोर्ट दाखवला, पदवीची झेरॉक्स दिली आणि मूळ प्रत गावी आहे म्हणून सांगितलं. विलायवान बाईंनी ती फायलीला लावली. "मागवून घ्या," एवढंच म्हणाल्या. गोड बोलल्या. फार गोड.

चारितोचं तुला सांगायला हवं. पंधरवड्यापूर्वी भात वाढता वाढता ती म्हणाली, "मनांग, तुम्ही इलोइलोच्या कॉलेजातून कोणत्या साली बाहेर पडलात?" मी सांगितलं. लगेच टाळी वाजवली. "म्हणजे माझी लिगाया मावशी तुमच्याच वर्गात! मी तिला तुमचा फोटो पाठवते, तिला काय आनंद होईल!" मी म्हटलं, वर्ग मोठा होता, मला कोणी आठवत नाही. "तिला आठवेल," ती म्हणाली. "तिला सगळ्यांची लफडीसुद्धा आठवतात." आणि हसायला लागली. कोणत्याही मुलीला सहज सुचेल असा प्रश्न होता का हा? मला तर वाटलं, तिला कोणीतरी विचारायला लावलंय.

आता ती चालली आहे. तिच्या शिकवायच्या परवान्याची मुदत संपली होती, नव्याचा अर्ज केला होता पण तो आला नव्हता. इथे निम्म्या शिक्षकांचं असंच असतं, कोणी बघत नाही. तिचं बघितलं. कोणीतरी विलायवान बाईंच्या कानावर घातलं म्हणे. आठ दिवसांत जायला सांगितलंय. आज सकाळपासून ती कपड्यांच्या घड्या घालतेय आणि गात नाहीये.

मी तिला आमटी करून दिली. तिने अर्धी मला दिली.

पलाऊच्या शाळेला सध्या काही कळवू नकोस. कचेरीतही जाऊ नकोस. माझ्यासाठी एवढं कर.

तुझी धाकटी


बँकॉक
मंगळवार, २५ जून २०१३

मनांग,

तुझी प्रकृती कशी आहे, पाऊस किती झाला, हे सगळं मी नंतर विचारीन, तू विचारू दिलंस तर. आज जे लिहायचंय ते आधी लिहिते. मध्येच थांबले तर पुन्हा आंब्याबद्दल लिहीत बसेन.

चारितोबद्दल विलायवान बाईंच्या कानावर घालणारी मीच.

तिने फोटोचं काढल्यावर दुसऱ्याच दिवशी, शाळेच्या खाणावळीत मी बाईंच्या शेजारी जाऊन बसले. त्या शेवयांवर लिंबू पिळत होत्या. मी म्हटलं, "मी कोणाचं वाईट बोलणारी नाही बाई, पण चारितोचे कागद एकदा नीट बघा. माझ्याच देशाची आहे म्हणून मलाच लाज वाटते." बाई म्हणाल्या, "तुम्ही सांगितलंत ते बरं केलंत." आणि मला त्यांच्या ताटलीतलं एक उकडलेलं अंडं दिलं. मी ते खाल्लं, मनांग.

पाच तारखेला भर दुपारी मी तिला बसवर सोडायला गेले. स्टँडवर सावली म्हणून नव्हती. तिने मला घट्ट मिठी मारली, घामाने दोघींचे झगे एकमेकांना चिकटले. म्हणाली, "मनांग, कोणीतरी आपल्या मुळावर आलंय. माझं झालं ते झालं, पण तुम्ही साध्या आहात, कोणावर पटकन विश्वास ठेवता. सांभाळून राहा." बस हलल्यावर खिडकीतून ओरडली, "फोटो राहिलाच की हो काढायचा!"

तिला फोटो खरंच हवा होता. बाकी काही नव्हतं त्यात.

सतरा तारखेला विलायवान बाई व्हरांड्यात भेटल्या. फार खुशीत होत्या. "सुटलो एकदाचे! डेस्मंडने त्या आईची माफी मागितली." मी विचारलं, कोणत्या आईची? "अहो, ते निनावी पत्र! वर्गात एका पोराला रेडा म्हणाला होता हा म्हातारा. आईला राग येणार नाही तर काय? मुख्याध्यापक तर लालबुंद झाले होते." मी म्हटलं, "मग ते मूळ कागद?" बाई म्हणाल्या, "त्याचा काय संबंध? प्रांताच्या कचेरीत नवा साहेब आलाय, त्याने सगळ्या शाळांकडून मागवलेत. तुमची झेरॉक्स चालली त्याला. तुमच्यासारख्या जुन्या बाईला कोण काय विचारणार?"

म्हणजे माझ्यामागे कोणीच नव्हतं. सोमचित मावशींचा भाचा खरोखर पपई न्यायला आला होता. डेस्मंड स्वतःच्याच काळजीत होता. मी मात्र महिनाभर एकेकाला चोर ठरवत बसले, आणि त्यांतल्या सगळ्यांत निर्धास्त पोरीला हाकलून दिलं.

त्या क्षणी मी अगदी सुरक्षित होते. झेरॉक्स फायलीत होती. मला फक्त गप्प बसायचं होतं, आणि ते मला चांगलं जमतं.

घरी आले तर तुझं तिसरं पत्र. पाच ओळींचं. ते आता माझ्यासमोर आहे. "इंदाय, मी पुन्हा कचेरीत गेले. त्यांनी तो पासपोर्ट काढणाऱ्या बाईचा फोटो मला दाखवला. मी म्हटलं, मी या बाईला ओळखत नाही. पलाऊला नकार कळवायला महिनाअखेरपर्यंत वेळ आहे. तब्येत सांभाळ."

मी ते पत्र घेऊन न्हाणीघरात जाऊन बसले. तू मला वाचवलंस की टाकलंस, हे मला किती वेळा वाचूनही कळलं नाही. दोन्ही असेल. दोन्हींचा तुला हक्क आहे.

आता नऊ वर्षांपूर्वीचं. तुला मी सांगितलं होतं की इथल्या शाळांसाठी शिक्षक न्यायला आलेल्या एजंटला कोणीही चालत होतं, पदवीची अट काढून टाकली होती. खोटं. त्याला तूच हवी होतीस. तो तुझ्यासाठीच आला होता. तू त्याला म्हणालीस, आई जरा चालायला लागली की कळवते, आणि आईला घेऊन व्यायामासाठी परसात गेलीस. मी तेव्हा रोडेलबरोबर पळून जाऊन त्याच्या घरून परत आलेली, कॉलेज अर्धवट टाकलेली, गावात तोंड दाखवायची सोय नसलेली बाई होते. तुझी पदवी आणि जन्माचा दाखला आईच्या कपाटात होते. त्या रात्री मी ते काढताना आईने पलंगावरून पाहिलं. तिला बोलता येत नव्हतं, पण डावा हात हलत होता. तिने तो हलवला नाही. डोळे मिटून घेतले. मी त्याचा अर्थ मला हवा तसा लावला.

इथे मला सगळे एमी बाई म्हणतात. मुलं म्हणतात, भाजीवाली म्हणते. मावशींनी फाटकातून मारलेली हाक मी खोडली, ती हीच. सुरुवातीला कोणी हाक मारली की मी वळून तुला शोधायचे. मग सवय झाली. मी बऱ्यापैकी शिकवते, मनांग. तू शिकवायचीस तसं, आधी गोष्ट आणि मग धडा. तेही तुझंच.

आणि जानेवारीत आई गेली तेव्हा रजा मिळाली नाही म्हणून लिहिलं होतं. रजा मिळाली होती. बाईंनी स्वतः तिकिटासाठी फोन केला होता. विमानतळावर तुझं नाव सांगून आत शिरायचं आणि तुझ्यासमोर आईच्या शवपेटीजवळ उभं राहायचं, एवढी हिंमत झाली नाही. तू एकटीने सगळं केलंस.

गेल्या बुधवारी मी मुख्याध्यापकांकडे गेले. विलायवान बाईंना बरोबर घेतलं, कारण माझी थाई भाषा अशा कामाची नाही. सगळं सांगितलं. चारितोचंही. मुख्याध्यापक खिडकीतून बाहेर बघत होते. बाईच बोलल्या. "मग नऊ वर्षं आम्ही एमी बाई कोणाला म्हणत होतो?"

"मलाच," मी म्हटलं. दुसरं काय सांगणार?

त्यांनी हातपंखा मिटला. चारितोला परत बोलावता येईल का, विचारलं, तर म्हणाल्या, "तिच्या जागी माणूस आलाय." मग म्हणाल्या, "त्या दिवशी तुम्हाला अंडं द्यायला नको होतं मी." कोणी शिवी दिली असती तर इतकी लागली नसती. वर्गात निरोप घेऊ दिला नाही, ते बरोबरच होतं.

चारितोला पत्र लिहिलंय. खरं काय ते सगळं. तिचं उत्तर आलेलं नाही. येईल असं वाटत नाही.

सोमचित मावशींना निघताना सांगितलं की माझं नाव एमी नाही. त्या ओट्यावर तशाच बसून होत्या, टॉवेल डोक्यावर. म्हणाल्या, "बरं. पण जेवलीस का?" आणि केळीच्या पानात चिकट भात बांधून दिला. गाडीत मी तो उघडला आणि मग रडले.

काल आणि आज मी इथे आपल्या वकिलातीत होते. लेखी जबाब दिला. पासपोर्ट मी तुझा दाखला वापरून, तुला न सांगता काढला, त्यात तुझा काही हात नाही, असं त्यात आहे. त्याची शिक्का मारलेली प्रत या पाकिटात आहे. मूळ पदवी आणि जन्माचा दाखलाही आहे, दोन्ही व्यवस्थित आहेत, कोपरा जरा पिवळा झालाय. ही तिन्ही घेऊन कचेरीत जा. इथला अधिकारी म्हणाला की त्यांनी तिकडे कळवलंय, तुझं नाव मोकळं व्हायला दोन-तीन आठवडे लागतील. म्हणजे ऑगस्टच्या आत. पलाऊला नकार कळवला असशील तर आजच्या आज टेकडीवर जा आणि त्यांना फोन कर. अर्ध्या गावाला ऐकू दे.

माझ्यावर खटला होईल की नाही, हे अजून कोणी सांगत नाही. इथले लोक मुदतीचा आणि परवान्याचा हिशेब वेगळा करतील. मला एकदाच घरी जाण्यापुरता कागद देणार आहेत, माझ्या नावाचा. त्या कागदासाठी फोटो काढला. नाव विचारलं तेव्हा मी क्षणभर अडखळले. समोरचा कारकून म्हणाला, "बाई, स्वतःचं नाव आठवावं लागतं का?" मी ते अक्षर अक्षर सुटं करून सांगितलं.

मी घरी यावं की नाही, ते तू ठरव. येऊ नको म्हणालीस तर इलोइलोला राहीन, कोणाच्या तरी घरी काम बघेन. ये म्हणालीस तरी तू पलाऊला निघाल्यावरच येईन. तुझ्या वाटेत मी पुन्हा उभी राहणार नाही.

माफी मागायला मला तोंड नाही, म्हणून मागत नाही. एकच मागते. कचेरीत ते पुन्हा तो फोटो पुढे करतील आणि विचारतील. तेव्हा माझ्यासाठी खोटं बोलू नकोस. ही कोण, तिने काय केलं, सगळं सांग.

नाव लिहिते, घरातलं 'इंदाय' नव्हे, त्यांना देता येईल असं, पूर्ण.

फेलिसा मागदालेना गोलेझ